माणिकबाईंचा मुंबईतला मुक्काम

मुंबईला जाणारा माणूस आधी विचारतो, स्टेशनपासून किती लांब पडेल? माणिकबाईंनी विचारलं, "तिथं गोवऱ्या पेटवू देतेत काय?" हा प्रश्न त्यांनी अकोल्याच्या आमच्या ऑफिसात, पंख्याखाली, माझ्या साहेबांसमोर विचारला. साहेब हसले. मला हसू आलं नाही, कारण त्यांना मुंबईला घेऊन जायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं आणि ही बाई विचारलेला प्रश्न सोडत नाही हे मला चांगलंच ठाऊक होतं.

मी नीलम. राहते अकोल्यात, हिंडते पातूर तालुक्यात. बायकांच्या बचत गटांची कामं बघते. त्यांतल्याच एका गटाच्या माणिकबाई. पातूरला लागून त्यांची भाजीची शेती आहे: वांगी, मेथी, आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. साठी ओलांडलेली, काटकुळी, आवाज खणखणीत. एकदा 'नाही' म्हणाल्या की ब्रह्मदेवाच्या बापाने सांगितलं तरी 'हो' होत नाही.

रोडगा कधी खाल्ला नसेल तर सांगते. गव्हाच्या भरड पिठाचा, आत पारीवर पारी, म्हणजे थरावर थर, दिलेला, मुठीत मावणारा गोळा. गोवऱ्या पेटवायच्या, जाळ खाली बसू द्यायचा, आणि लाल निखाऱ्यांत हे गोळे पुरून भाजायचे. मग काढून फडक्यात झटकायचे, फोडायचे, वर तूप सोडायचं. सोबत वांग्याची भाजी आणि घट्ट वरण. आमच्याकडचा रुसलेला जावईसुद्धा रोडग्याच्या पंगतीला आपल्या पायांनी येतो.

पण हे रोडगे घरच्या चुलीवर होत नाहीत. ते होतात शेतात नाहीतर मारुतीच्या देवळापुढे, आणि करतात पुरुष. एरवी ज्यांना पाण्याचा पेला हातात लागतो ते त्या दिवशी बाह्या सारून कणीक मळतात आणि वर्षभर त्याच्या गोष्टी सांगतात. बायकांनी वांगी चिरायची.

माणिकबाईंचे यजमान जानराव हे आमच्या भागातले नावाजलेले रोडगेवाले होते. हनुमान जयंतीला देवळापुढच्या गावजेवणाचे रोडगे त्यांच्या हातचे. त्या दिवशी देवळाच्या कमिटीचे वामनराव सगळ्या गावासमोर एक नारळ देतात. ज्याच्या हाती नारळ, त्या दिवशीचा विस्तव त्याचा, मग तिथे दुसऱ्या कुणी बोट घालायचं नाही. जानरावांना तो नारळ वर्षानुवर्षं मिळाला. मात्र निखारा नीट बसला की नाही, हे जानराव बायकोकडे बघून ठरवायचे. ती दुरून, वांगी चिरता चिरता, मान हलवायची. मग ते रोडगे टाकायचे. हे पातूरच्या सगळ्या बायकांना माहीत होतं आणि जानराव सोडून एकाही पुरुषाला माहीत नव्हतं.

जानराव गेले आणि नारळ त्यांच्या धाकट्या भावाकडे, गोवर्धनकडे गेला. गोवर्धन तसा वाईट माणूस नाही. हात बरा आहे, घाई फार. माणिकबाई दोनदा वामनरावांकडे जाऊन म्हणाल्या, मी करते. दोन्ही वेळा वामनराव हसले. "बाई, घरचा सैपाक येगळा आन देवाचा येगळा."

मग माणिकबाईंनी गटातून रोडग्यांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. अमरावतीला सायन्सकोर मैदानावर विभागाचं प्रदर्शन भरलं, तिथे मैदानाच्या कडेला गोवऱ्या लावून त्यांनी असे रोडगे केले की मोर्शीचे संत्रेवाले आपले स्टॉल बायकोवर सोडून रांगेत उभे राहिले. त्यातून मुंबईच्या प्रदर्शनासाठी निवड झाली. बातमी पातूरला पोचली तेव्हा वामनराव चारचौघांत म्हणाले, "मुंबईत निभावून दाखवा, यंदाचं नारय तुमच्या हातात देतो. नाई जमलं तं मंग हा विषय बंद."

माणिकबाईंनी लगेच "ठरलं" म्हटलं. तेव्हा मुंबईत कुणाला फुंकणीभर धूर तरी काढू देतात का, याचा त्यांनाही पत्ता नव्हता आणि मलाही.

प्रदर्शन बांद्र्याला होतं. स्टॉलवर विस्तव चालणार नाही, विजेचा ओव्हन मिळेल, असं आयोजकांनी कळवलं. राहायला एक मोठा हॉल, तिथे तर काडीही ओढायची नाही. म्हणजे रोडगे दुसरीकडे भाजायचे आणि गरम गरम स्टॉलवर आणायचे. जिथे मुक्काम, तिथेच भट्टी. साहजिकच प्रश्न एकच उरला: उतरायचं कुठल्या भागात?

मी म्हटलं दादर. आमच्या घरच्या तीन पिढ्या डिसेंबरात चैत्यभूमीला जातात, त्यामुळे आमच्यासाठी मुंबई म्हणजे दादर. बाकीचं शहर आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

"काकू, दादरले लॉज पाहू. मधोमध पडते. सगळीकडं जाता येते."

"मले सगळीकडं कायले जाचं हाये? आंगन हाये काय तिथं?"

"लॉजले कुठं आंगन रायते?"

"मंग कायचं मधोमध?"

ठाण्याला त्यांच्या बहिणीचा मुलगा शुभम राहतो. आमच्या वऱ्हाडात गावात आपलं माणूस असताना दुसरीकडे उतरलं तर ते भांडण दोन पिढ्या पुरतं. म्हणून आधी शुभमकडे उतरायचं, तिथून बाकीचं पाहायचं, असं ठरलं. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधीच आम्ही निघालो. मी साहेबांना सांगितलं, जागा बघायची आहे. साहेबांना वाटलं, स्टॉलची.

गोवऱ्या रेल्वेत चढू दिल्या नसत्या. माणिकबाईंनी त्या पोत्यांत भरून वाशीच्या बाजाराला जाणाऱ्या ट्रकमध्ये कांद्याच्या मागे घातल्या आणि शुभमचा पत्ता दिला. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगमध्ये त्या पोत्यांभोवती फेऱ्या मारत होते. शुभमचा चेहरा उतरला होता.

"मावशी, हे काय आनलं तू?"

"गोवऱ्या. विसरला काय? लहानपनी याच्यावरच तुह्यं आंघोयीचं पानी तापे."

फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. छान होता. शुभमची बायको करिश्मा अमरावतीची, मोठ्या मनाची पोरगी. तिने आल्या आल्या चहा दिला, ओव्हन दाखवला. माणिकबाईंनी ओव्हनचं दार उघडून आत पाहिलं आणि बंद केलं. मग गॅलरीत जाऊन खाली वाकून बराच वेळ बघत राहिल्या. खाली गाड्या, फरशी, कुंड्या, पोहण्याचा हौद.

"शुभम, तुमच्या इथं माती कुठी हाये?"

"कुंडीत हाये," तो म्हणाला. चिडला होता. "मावशी, प्रदर्शन बांद्र्याले, आन तू जाळ लावाले जागा शोधतं गावभर. आग सोमेश्वरी न बंब रामेश्वरी! ओव्हनमंदी टाक न. कोनाले समजते?"

"मले समजते."

"अन मग माह्या घरी कावून रायत नाई? तिकडं सारे म्हनतीन, भाच्यानं मावशीले हाकललं."

"म्हनू दे. मी सांगीन, भाचा चांगला, घर चांगलं. फकत मले आंगन पायजे."

करिश्माने मध्ये पडून वाचवलं. तिच्या ऑफिसातली एक मुलगी खार दांड्याच्या कोळीवाड्यातली होती. तिच्या आजीकडे एक खोली रिकामी आणि पुढे मासे वाळवायचं अंगण. बांद्र्याला लागूनच. "मावशी, तुमी जा तिकडं," करिश्मा म्हणाली, "यायले मी समजावतो." शुभमने सुटकेचा निःश्वास टाकला आणि टेम्पोही त्यानेच बोलावला.

कोळीवाडा मलाही आवडला. आजी दणदणीत होती, कानात सोनं, बोलणं रोखठोक. "पेटव गं बाई," ती म्हणाली, "आमच्याकडे धुराला कोण घाबरतंय!" अंगणाच्या पलीकडे समुद्र. माणिकबाईंनी तो पहिल्यांदाच पाहिला. कंबरेवर हात ठेवून पाहिला, हळहळल्या, आणि म्हणाल्या, "येवढं पानी, आन याच्यावर एक वांगं नाई लावता येत."

गोवऱ्या त्यांनी स्वतः रचल्या. पातूरला रचतात तशाच, अंगणात भिंतीला लावून, मधून वारा खेळेल अशा. आजी म्हणाली, "आत घे गं त्या." माणिकबाई म्हणाल्या, "आमच्याकडं पावसाया सोडला तं गोवऱ्या बाहीरच रायतेत. वाऱ्यानं अजून वाळतेत." मीही मान डोलावली. आम्ही दोघी अकोल्याकडच्या. आमचा वारा ओला कपडा घटकेत वाळवतो, ओठ फाडतो, भिंतीचा रंग उडवतो. वारा म्हणजे वाळवणारी वस्तू, यापलीकडे आमची अक्कल गेलीच नाही.

दोन दिवसांनी दुपारी करून बघायचं ठरलं. कणीक मळली, पाऱ्या दिल्या, गोळे वळले. गोवऱ्या लावल्या, काडी दिली आणि नुसता धूर. कापूर घातला, पुठ्ठा घातला, मी वारा घालून घालून खांदे दुखवून घेतले. कशाबशा धुमसल्या, पण निखारा काही पडेना. जे काही लाल दिसलं त्यात माणिकबाईंनी रोडगे घातले. निघाले ते वरून कोळसा आणि आत कच्चा लगदा. आजीने एक फोडून पाहिला आणि तसाच खाली ठेवला.

माणिकबाईंनी एक गोवरी हातात घेऊन मोडली. ती कडकन मोडली नाही, वाकली. समुद्राच्या हवेने पापडासारखी सादळली होती.

"वाऱ्यात पानी रायते वं इथं," त्या म्हणाल्या. "म्हातारी सांगून राहिली होती, आन म्या तिलेच शिकवलं."

आणि नेमका त्याच वेळी गोवर्धनचा फोन. हे त्याचं खास कसब आहे. माणिकबाईंचे हात पिठाचे, म्हणून मी फोन स्पीकरवर धरला. कसं काय चाललंय, त्याने विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं. माझ्या मते सांगायला नको होतं, पण त्यांना खोटं बोलायची सवय नाही.

"मले वाटलंच होतं, वयनी," गोवर्धन म्हणाला. आवाजात समाधान नुसतं मावत नव्हतं. "मी उद्याच्या गाडीनं येतो. तुमी वांगे चिरा, इस्तो मी पायतो. वामनरावले सांगू का तसं?"

"भाऊजी, तुमी येऊ नोका. आन कोनाले काई सांगू नोका. प्रदर्शन अजून सुरू व्हाचं हाये."

फोन ठेवल्यावर मला त्या बाईची फार दया आली, आणि खरं सांगते, तितकाच राग आला. ओव्हन फुकट मिळत होता. मुंबईच्या लोकांनी बापजन्मात रोडगा खाल्ला नव्हता. मी तसं बोललेही.

"त्या पेटीत भाजले न, तं मी नारय कोन्या तोंडानं घेऊ?" त्या म्हणाल्या. "वामनराव इचारन, बाई, रोडगे केले? म्या काय सांगू, बिस्कुटं केले? नीलम, जानराव गेले तवापासून मी हे एक मागून राहिली. दुसरं काई मागतलं नाई." त्यांनी डोळे पुसले. ते धुराने पाणावले असतील असं मी म्हणणार नाही. रडल्या त्या. थोडा वेळच, पण रडल्या. मग तोंड धुतलं आणि मला विचारलं, "मुंबईले दूध कुठून येते वं?"

"पिशवीत येते, काकू."

"पिशवीत कुठून येते?"

मला काय माहीत! मी कपाळाला हात लावला. त्या उठून गल्लीच्या तोंडाशी चहावाल्याकडे गेल्या. त्यांचं हिंदी मराठीच्याच तालावर चालतं. "भैया, तुम्हारे मुंबई में भैंसी किधर बांधते?" चहावाला गोरखपूरचा, त्याला हा प्रश्न फारच आवडला. दहा वर्षांत कुणी त्याला इतकं शहाण्यासारखं काही विचारलं नव्हतं, असा त्याचा चेहरा झाला. जोगेश्वरीकडे अजून तबेले आहेत, तो म्हणाला, आणि जिथे तबेला तिथे गोवऱ्या असणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षाने जोगेश्वरीला. काचेच्या इमारती मागे टाकून एका गल्लीत वळलो आणि एकदम पातूरचा गुरांचा बाजार भरल्यासारखा वास आला. माणिकबाईंनी छाती भरून श्वास घेतला. मी पदर नाकाला लावला.

तबेल्याच्या फाटकात मुनीम खुर्ची टाकून बसले होते, सोबत आणखी दोघं पेपर वाचत. माणिकबाईंनी विचारलं, इथे राहायला खोली आणि विस्तवाला जागा मिळेल का? मुनीम म्हणाले, "यहाँ आग-वाग नहीं चलेगी। सेठ से पूछना पड़ेगा।" सेठ कुठे आहेत? गावाला. कधी येतील? सांगता येत नाही. दुसऱ्याने सुचवलं, वॉर्ड ऑफिसात विचारा. तिसऱ्याने पेपरातून डोकंही वर काढलं नाही. मला हायसं वाटलं. दादरच्या लॉजात पांढरी चादर असते, हे मी मनातल्या मनात घोकत होते.

पण माणिकबाई रिक्षाकडे न वळता तबेल्याच्या मागे वळल्या. मागच्या भिंतीवर ओळीने गोवऱ्या थापलेल्या होत्या आणि चार-पाच बायका बसून आणखी थापत होत्या. माणिकबाई त्यांच्यात जाऊन उकिडव्या बसल्या, एक वाळलेली गोवरी उचलली, बोटाच्या पेराने वाजवली. टणक आवाज आला.

"भूसा कितना डालती?" त्यांनी विचारलं.

त्या बायकांतली मोठी होती ती बिहारमधल्या समस्तीपूरची. सगळ्या तिला भाभी म्हणत होत्या. तिने माणिकबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आप क्या बनाएँगी?"

माणिकबाईंनी हातानेच गोळा वळून दाखवला, निखाऱ्यात पुरून दाखवला, फोडून दाखवला. भाभी हसली. "लिट्टी!"

"लिट्टी काय रायते?"

"यही। अंदर सत्तू भरते हैं। आपकी तो खाली है।"

"खाली नाई है वं! अंदर पारी पे पारी है. खुलता तो पापुद्रा पापुद्रा खुलता."

यावर अर्धा तास वाद झाला. लिट्टी मोठी की रोडगा मोठा, लिट्टीसोबतचा चोखा चांगला की रोडग्यासोबतची वांग्याची भाजी. कुणी हटेना. शेवटी भाभी म्हणाली, करून दाखवा. त्या भिंतीमागे रोज संध्याकाळी त्यांच्याही चुली पेटत होत्या. फाटकातल्या पुरुषांना कुणी विचारलेलं नव्हतं आणि त्यांनीही कधी मागे येऊन पाहिलं नव्हतं, रात्री ताटात लिट्टी येत होती म्हणून. गोवऱ्या ठेवायची त्यांची जागा म्हणजे म्हशींच्या वरचा माळा, पत्र्याखाली, प्लास्टिक झाकून. जनावरांची ऊब खालून, पत्र्याची धग वरून. माणिकबाईंनी माळ्यावर चढून हात घातला आणि तिथूनच मला ओरडून सांगितलं, "नीलम, सामान आन!"

"काकू, मच्छर केवढे हायेत! आन बांद्र्याचं अंतर?"

"तू जाय दादरले. मी इथं रायतो."

मी गेले नाही. जायला हवं होतं, असं त्या आठवड्यात मला रोज वाटलं. भाभीच्या नणंदेची खोली मिळाली. भिंतीपलीकडे म्हशी रवंथ करत आणि मी डोळे उघडे ठेवून झोपत असे. मुनिमांनी हरकत घेतली तेव्हा भाभी एवढंच म्हणाली, "मेहमान हैं हमारी।" मुनीम परत खुर्चीवर गेले. सादळलेल्या गोवऱ्या आम्ही कोळीवाड्यातच सोडल्या. आजी म्हणाली, डासांना धूर करायला बऱ्या.

त्याच संध्याकाळी त्या मागच्या अंगणात माणिकबाईंनी रोडगे घातले. निखारे लालभडक, वर राखेची पातळ साय. या वेळी त्यांनी भाभीला विचारलं, "इतना ठीक है क्या?" इथली हवा हिला माहीत, माझ्या अंदाजावर कशाला जा, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. कोळीवाड्यात पोळल्या होत्या ना. भाभी म्हणाली, थोडं थांबा. त्या थांबल्या. पहिला रोडगा फोडला तेव्हा वाफ आली आणि पारी पारी सुटी झाली. भाभीने खाल्ला, आणखी तूप मागितलं, आणि लिट्टीच मोठी हे पुन्हा ठासून सांगितलं.

प्रदर्शनाच्या दिवसांत मग हेच चक्र. उजाडताच भट्टी, टोपल्यांत खाली कडबा, वर गोधडी, आणि रिक्षा बांद्र्याला. पाटीवर काय लिहायचं, मी विचारलं. पातूरकडे अजून सगळे 'जानरावचे रोडगे'च म्हणतात. "माहं नाव लिही," माणिकबाई म्हणाल्या. "भाजले म्या." मी लिहिलं.

पहिल्या दिवशी लोक बिचकले. एक बाई रोडगा उचलून म्हणाली, "अय्या, याला राख लागलीय!"

"राख झटकली की जाते, बाई," माणिकबाई फडकं मारत म्हणाल्या. "कच्चेपना झटकून जात नाई. खाऊन पाहा."

तिने खाल्ला, आणि घरच्यांना फोन करून बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून टोपल्या दुपारीच रिकाम्या व्हायला लागल्या. शेजारचे स्टॉलवाले, ज्यांनी ओव्हनची सोय आनंदाने घेतली होती, आमच्याकडे येऊन जेवत. शुभम आणि करिश्माही आले. शुभमने रांगेचा व्हिडिओ काढून पातूरच्या सगळ्या नातेवाइकांना धाडला आणि वर लिहिलं, 'आमची मावशी'. सोसायटीत पोत्यांवरून ज्याची मान खाली गेली होती तोच हा. माणसाची जात!

आम्ही परत आलो तेव्हा मला वाटलं होतं, वामनराव काहीतरी फाटा फोडतील. पण तो म्हातारा शब्दाचा पक्का निघाला. देवळापुढे मिटिंग झाली, काहींनी कुरकुर केली, एकाने 'आजवर असं झालं नाही' हे तीनदा सांगितलं. वामनरावांनी त्याला बसवलं. "म्या शब्द देल्ला होता. तिनं निभावलं. आता काय मी फिरू? हनुमान जयंतीचं नारय माणिकबाईले." बायकांच्या बाजूने जो आवाज उठला, तसा त्या देवळापुढे मी तरी कधी ऐकला नव्हता. माणिकबाई घरी आल्यावर म्हणाल्या, "आज जीव शांत झाला वं," आणि भाकरी थापायला बसल्या.

हनुमान जयंतीच्या थोडं आधी मी त्यांच्याकडे गेले होते. वाशीला धाडायची वांगी निवडणं चाललं होतं, मीही हात लावला. त्या प्रदर्शनातूनच मुंबईच्या एका वऱ्हाडी मंडळाची ऑर्डर आली होती, नेमकी हनुमान जयंतीचीच. माणिकबाईंना पातूर सोडायचं नव्हतं. त्यांनी मंडळाला गोवर्धनचं नाव सुचवलं होतं. मला ते पटलं नव्हतं आणि मी तसं तोंडावर म्हटलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "हात बरा हाये त्याचा. कावून बसून राहू द्याचा?"

तेवढ्यात गोवर्धनच आला. दारातच उभा राहिला. चप्पल काढू की नको अशा बेतात.

"वयनी," तो म्हणाला, "मंडळवाले म्हनतेत, हॉलमंदी इस्तो चालत नाई. मुंबईत उतरू कुठी?"

माणिकबाईंनी वांगी निवडता निवडता फोन मागितला. मी भाभीचा नंबर लावून दिला आणि स्पीकर सुरू केला.

"भाभी, हमारा देवर आनेवाला है, रोडगे बनाने. तुम्हारे आंगन में बैठने देती क्या?"

पलीकडे म्हशीचा आवाज आला, मग बायकांचं काहीतरी आपसात बोलणं. गोवर्धन एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला.

"आदमी है?" भाभीने विचारलं. "हम लोगों की बात सुनेगा?"

माणिकबाईंनी फोनवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच मान वर करून गोवर्धनकडे पाहिलं.

"भाऊजी, ती इचारून राहिली. बायाईचं आयकसान काय?"

गोवर्धनने माझ्याकडे पाहिलं. मी वांगी निवडत राहिले. मग त्याने चप्पल काढली, आत आला आणि खाली बसला.

"आयकीन, वयनी."